व्हाया निफाड

लाइटबिलाच्या पाठीवर मी लिहिलं :
रविवार. नाशिक ते येवला, जाऊन-येऊन.
साडेसहाला द्वारका सोडायचं,
साडेआठ येवला. पैठण्या, नुसत्या बघायच्या.
जेवण. परत. दिवेलागणीला घरी.

तात्यांनी कागद डोळ्यांशी नेला,
आधी बिलाची रक्कम वाचली, मग पाठ.
"हे काय वेळापत्रक झालं?
नैताळ्याचा थांबाच नाही यात."

एकतीस वर्षं त्यांनी हीच गाडी मारली,
सहा-दहाची, व्हाया निफाड.
आता डाव्या डोळ्यात काचबिंदू,
आणि लायसन कपाटात, माझ्या जन्मदाखल्याखाली.

फोन म्हणाला, पंच्याऐंशी किलोमीटर,
एक तास बावन्न मिनिटं.
तात्यांनी फोनकडे पाहिलं
जसं पाहावं नव्या कंडक्टरकडे,
ज्याला अजून सुट्ट्या पैशांचा हिशेब लागत नाही.

"चांदोरीला थांबू. नदीत देवळं आहेत म्हणे."
म्हणे?
"शिरसाठ मास्तर सांगायचा. देवळं आत गावात,
गाडी आपली फाट्यावर."
तात्या, जानेवारी आहे, देवळं पाण्याखाली असतील.
"असू देत. पाणी बघू."

मी लिहिलं : चांदोरी, पाणी, वीस मिनिटं.

"विंचूरला एक घड्याळजी बसायचा.
भिंतीवर चौदा घड्याळं, चौदा वेळा.
अर्ध्या मिनिटाचा थांबा, मास्तरची घंटा झाली की निघायचं.
रोज वाटे, उतरून विचारावं
यातली तुमची कुठली?"
तो असेल का अजून?
"नसला तर शेजारच्याला विचारू."

बिलाची पाठ भरली. मी समासात शिरले.
हिशेब घातला तर येवल्याला पोचायला
दुपारचे अडीच.

"आणि निफाडच्या पुढे, डाव्या हाताला चिंच.
खाली सिमेंटचा बाक, कुणाच्या तरी स्मरणार्थ.
कुणाच्या, ते वाचता आलं नाही कधी,
नेमका तिथंच गिअर टाकावा लागायचा."
तिथं काय करायचं?
"बसायचं."
मग?
"मग काय. एक एसटी जाऊ द्यायची समोरून."

मी किती वेळ लिहू, कळेना.
पेनाचं टोक चिंचेपाशी थांबून राहिलं,
शाईचा छोटा ठिपका पडला,
नकाशावर गावाचा असतो तसा.

शेवटी मीच म्हटलं, येवला गाळू या का?
"गाळ," ते म्हणाले, तिकीट फाडावं इतक्या सहज.
"येवला मी पाहिलाय. डेपो, कँटीन,
विश्रांतीगृहातली खिडकीजवळची कॉट. तीन स्प्रिंगा गेलेल्या."
पण पैठणी?
"घेणार आहेस?"
नाही.
"मग."

रात्री मी भाकऱ्या फडक्यात बांधल्या, ठेचा डबीत.
ते कानटोपी शोधत होते.
निफाडला थंडी फार, मी म्हटलं.
"ऐकून आहे," ते म्हणाले.
"इंजिन पायाशी असायचं गं. मला कधी लागलीच नाही.
उद्या लागेल."

झोपायच्या आधी आवाज आला म्हणून
गॅलरीतून वाकून पाहिलं.
खाली पार्किंगमध्ये तात्या, हातात बॅटरी,
माझ्या पांढऱ्या गाडीभोवती फिरत होते,
प्रत्येक चाकाला पायानं एक ठोकर,
कान देऊन ऐकायचं, पुढे जायचं.
एक. दोन. तीन. चार.
चार झाली,
तरी ते थांबले नाहीत.
बॅटरीचा गोल उजेड मागच्या बाजूला
जमिनीवर हळूहळू सरकत राहिला,
आतली दोन चाकं शोधत.